मियाटाच्या गिअरबॉक्सला एमटी-९० आणि एलएसडीला ७५डब्ल्यू-९० एनएस: रेड लाइनची दोन तेलं वापरून झाल्यावर

ज्याला घाई आहे त्याच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. गाडी १९९९ ची माझदा एमएक्स-५ मियाटा, १.८ इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, मागे टॉर्सन एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं; टॉर्सन हा त्याचा एक प्रकार). गिअरबॉक्समध्ये रेड लाइनचं एमटी-९० टाकलं, डिफरन्शियलमध्ये (पुढे नुसतं डिफ) त्याच कंपनीचं ७५डब्ल्यू-९० एनएस. पाचपैकी साडेचार, तो अर्धा किमतीसाठी कापलाय. आता कोणतं तेल कुठे आणि का, हे ज्याला हवंय त्याने पुढे वाचा, कारण माझ्या मते ब्रँडपेक्षा तेच जास्त महत्त्वाचं आहे.

मी मिशिगनला राहतो, डेट्रॉईटच्या बाहेर. इथे जानेवारीत सकाळी उणे पंधरा अंश म्हणजे काही विशेष नाही. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने फाइल जपून ठेवलेली होती आणि त्यात एका झटपट ऑइल चेंजवाल्या दुकानाची पावती होती, गिअरबॉक्स आणि डिफ दोन्हीत एकच तेल, सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० जीएल-५ (७५डब्ल्यू-९० ही तेलाची जाडी, जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे). डिफला ते चालतंच. पण गिअरबॉक्सची अवस्था अशी की सकाळी थंडीत पहिल्यावरून दुसरा टाकायला गेलं की खर्र, जोर लावला की पडायचा पण कुरकुर करत, आणि गाडी गरम झाल्यावर पण जरा पटकन दुसऱ्यात टाकायला गेलं तर अडायचाच. मियाटाचा दुसरा गिअर थंडीत जड असतो हे खरं आहे, मियाटावाला कुणीही सांगेल, पण गरम गाडीत अडतोय म्हणजे काहीतरी वेगळं.

तर गिअरबॉक्सच्या आत काय होतं बघा. प्रत्येक गिअरला एक पितळेची सिंक्रो रिंग असते. आपण लिव्हर ढकलला की ती रिंग त्या गिअरच्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या भागावर, दाबली जाते, घासते, आणि घासण्यामुळेच दोघांचा वेग सारखा होतो, मग दात सहज एकमेकांत बसतात. म्हणजे इथे घर्षण पाहिजेच आहे. तेल जर फारच गुळगुळीत असेल तर रिंग कोनवरून घसरत राहते आणि वेग जुळायच्या आत आपण दातांत दात घालतो, तो खर्र आवाज तोच. साबण लागलेल्या हाताने बरणीचं झाकण फिरवायला गेलं तर जे होतं तसंच काहीसं. आणि उलट तेल थंडीत फार घट्ट झालं तर रिंगला कोनवरचं तेल बाजूला सारून कोन पकडताच येत नाही, तरीही अडतं. दोन्ही बाजूंनी अडचण.

डिफमधलं प्रकरण पूर्ण उलटं आहे. मागच्या ॲक्सलमध्ये क्राऊन (मोठं गिअर) आणि पिनियन (छोटं गिअर) हायपॉइड असतात, म्हणजे पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याच्या खाली सरकवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत तर लांबवर घासत जातात, आणि तेही प्रचंड दाबाखाली. साधं तेल तिथे पिळून बाहेर जातं. म्हणून जीएल-५ तेलात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं भरपूर घातलेली असतात, ती गरम झाली की लोखंडावर एक पातळ थर तयार करतात आणि दातांऐवजी तो थर झिजतो. बाटली उघडल्यावर जो तो घाण वास येतो ना, हाताला दोन दिवस राहणारा, तो त्या गंधकाचाच. जीएल-४ मध्ये हीच रसायनं असतात पण ढोबळमानाने निम्मी.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट करतो कारण याच्यावर लोक फार भांडतात. जीएल-५ टाकलं की गंधक पितळ खातं आणि सिंक्रो संपतात, हे सगळीकडे ऐकायला मिळतं. जुन्या काळच्या तेलांबद्दल ते बरोबर होतं. आजच्या चांगल्या जीएल-५ मध्ये पितळ आणि तांब्याला वाचवणारी रसायनं पण असतात आणि तांब्याची पट्टी गरम तेलात बुडवून किती काळवंडते ती चाचणी बरीचशी तेलं व्यवस्थित पास होतात. शिवाय माझदाच्याच मॅन्युअलमध्ये या बॉक्सला जीएल-४ किंवा जीएल-५ दोन्ही चालेल असं छापलंय. त्यामुळे त्या दुकानाने काही गुन्हा केला असं मी म्हणत नाही. पण चालेल आणि चांगलं चालेल यात फरक आहे आणि तो फरक गंजण्याचा नसून घर्षणाचा आहे. त्यातही जर त्या जीएल-५ मध्ये एलएसडीसाठी फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारं रसायन) घातलेलं असेल, आणि पुष्कळ बाटल्यांवर 'लिमिटेड स्लिपला चालेल' असं लिहिलेलं असतं म्हणजे घातलेलंच असतं, तर तेच तेल गिअरबॉक्समध्ये टाकणं म्हणजे सिंक्रोला मुद्दाम घसरवणं. माझ्या पावतीवरचं तेल नेमकं तसलंच होतं.

एमटी-९० हे जीएल-४ आहे, ७५डब्ल्यू-९०, एस्टरचं सिंथेटिक. कंपनी कॅलिफोर्नियातल्या बेनिशियाची. ते स्वतःच सांगतात की हे हायपॉइड डिफसाठी नाही, मला हे फार आवडलं, एकाच बाटलीत सगळं बसवायचा अट्टाहास नाही. जीएल-५ मधली जी गुळगुळीतपणा आणणारी रसायनं असतात ती यात तेवढी नाहीत, आणि सिंक्रोला पाहिजे तेवढी पकड राहील अशा हिशोबाने बनवलंय.

टाकल्यावर फरक लगेच जाणवला असं सरसकट नाही सांगणार. पहिल्या दिवशी थोडा जाणवला, पण खरा फरक आठवडाभर चालवल्यावर, जुन्या तेलाचा जो काही अंश आत राहिलेला असतो तो नव्यात मिसळून गेल्यावर. गरम गाडीत दुसरा आता दोन बोटांनी पडतो. तिसऱ्यावरून दुसऱ्यात खाली येताना, वळणाआधी, जिथे आधी मी मुद्दाम थांबून थांबून टाकायचो, तिथे आता थांबावं लागत नाही. लिव्हरमधून हाताला जे कळतं ते स्वच्छ झालंय, रिंग कुठे पकडते आणि दात कुठे बसतात हे वेगवेगळं जाणवतं. ज्याने मियाटा चालवली आहे त्याला माहितीये की ही गाडी घेण्याचं निम्मं कारण तो लिव्हर आहे. कडाक्याच्या थंडीत पहिल्या काही मिनिटांत दुसरा अजूनही जडच, पण खर्र गेलं. थंडीतल्या जडपणावर यापेक्षा पातळ तेल हा उपाय आहे, रेड लाइनचंच एमटीएल म्हणून आहे ते ७५डब्ल्यू-८० आहे, आणि इथले बरेच जण फोर्डचं मोटरक्राफ्ट फुल सिंथेटिक मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड टाकतात. एका मित्राच्या गाडीत ते आहे, मी चालवून पाहिलं, थंडीत खरंच माझ्यापेक्षा हलकं पडतं. तरी मी ९० वरच राहिलो, कारण उन्हाळ्यात मी गाडी जोरात चालवतो आणि बॉक्स जुना आहे, जरा जाड थर बरा वाटतो मला. नुसती ऑफिसला नेणारी गाडी असती आणि तीही बारा महिने, तर पातळ घेतलं असतं.

नंबरांबद्दल पण एकदा सांगतोच. ७५डब्ल्यू-९० ऐकून लोकांना वाटतं बापरे किती जाड, इंजिनमध्ये तर ५डब्ल्यू-३० टाकतो. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर ऑइलचा ९० म्हणजे १०० अंशाला साधारण साडेतेरा ते साडेअठरा सेंटीस्टोक (तेलाची जाडी मोजायचं एकक), म्हणजे इंजिन ऑइलच्या ४० आणि ५० च्या आसपासच येतं ते. आणि पुढचा ७५डब्ल्यू म्हणजे उणे ४० अंशाला सुद्धा ठराविक मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही, ८०डब्ल्यूची तीच परीक्षा उणे २६ ला घेतात. इथल्या हिवाळ्यात हा फरक कागदावरचा नाही. माझदाच्या मॅन्युअलमध्ये डिफला उणे १८ च्या वर ९० आणि त्याखाली ८०डब्ल्यू असं दोन भागात दिलंय, ७५डब्ल्यू-९० टाकलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात, ऋतूप्रमाणे बदलत बसायला नको.

आता डिफ. इथे सगळ्यात आधी आपल्या गाडीत कुठल्या जातीचं एलएसडी आहे ते शोधा, तेल नंतर. मियाटातच बघा ना, सुरुवातीच्या १.६ गाड्यांत व्हिस्कस होतं, त्यात सिलिकॉनचं द्रव एका बंद डब्यात असतं, बाहेरच्या तेलाचा त्याच्याशी संबंधच नाही, चांगलं जीएल-५ टाका आणि विसरा. १९९४ ला १.८ आलं तेव्हापासून टॉर्सन मिळायला लागलं. त्याच्या नंतरच्या वर्षांत काही गाड्यांना कोन टाईपचं आलं. आणि कित्येक मियाटांना एलएसडी नाहीच, साधं ओपन डिफ. तर मागची दोन्ही चाकं उचलून, स्टँडवर ठेवून, पुढच्या चाकांना नीट आड लावून, हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये एक चाक हाताने फिरवून बघायचं, दुसरं उलटं फिरलं तर सहसा ओपन, त्याच दिशेला फिरलं तर सहसा एलएसडी. पण कोणतं एलएसडी हे यातून कळत नाही, त्यासाठी गाडीचं वर्ष आणि पॅकेजचे कागद काढावे लागतात.

फ्रिक्शन मॉडिफायर ही भानगड प्लेटवाल्या एलएसडीसाठी आहे. त्यात क्लचसारख्या प्लेटांचा गठ्ठा असतो, पार्किंगमध्ये हळू वळताना त्या पकडतात सुटतात पकडतात सुटतात आणि मागून घरघर कटकट आवाज येतो, अख्खी गाडी थरथरते. मॉडिफायर घातलं की प्लेटा सुळकन सरकतात. फार घातलं की एलएसडी एलएसडी उरत नाही. म्हणून अशा डिफला तेल बदलल्यावर मोकळ्या जागेत हळूहळू इंग्रजी आठच्या आकारात गोल गोल फिरवतात, तेल प्लेटांच्या मध्ये शिरावं म्हणून, आणि तरीही आवाज आला तरच थोडं थोडं मॉडिफायर वाढवतात.

टॉर्सनमध्ये मात्र प्लेटांचा असा गठ्ठा नाही, सगळं काम तिरक्या दातांच्या गिअरांचं. ताकद आली की ते गिअर आपल्याच घराच्या भिंतींवर आणि वॉशरांवर दाबले जातात आणि त्या घासण्यामुळे घसरणाऱ्या चाकापेक्षा पकड असलेल्या चाकाला काही पट जास्त टॉर्क जातो. घर्षण हेच त्याचं भांडवल. मग तिथे घर्षण कमी करणारं औषध कशाला घालायचं? म्हणून मी एनएस घेतलं, ते पूर्ण जीएल-५ आहे, हायपॉइड दातांची काळजी तितकीच घेतं, फक्त त्यात मॉडिफायर नाही. रेड लाइनचंच साधं ७५डब्ल्यू-९० पण आहे, त्यात मॉडिफायर आधीच मिसळलेलं आहे, प्लेटवाल्या एलएसडीला ते घ्या. टॉर्सनमध्ये साधं टाकलं तर बिघडणार काहीच नाही, कित्येक जण तेच वापरतात आणि सुखात आहेत, पण दोन्ही शेजारी शेजारी मिळत असताना मला एनएसच बरोबर वाटतं.

डिफमध्ये तेल बदलून गाडी चालवताना काही चमत्कार जाणवेल अशी अपेक्षा ठेवू नका. हायवेवर ॲक्सिलरेटर सोडताना येणारी बारीक गुणगुण थोडी कमी झाली, बस्स. टॉर्सन आधीही चांगलं काम करत होतं, आताही करतंय, ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरत बसत नाही. एक लक्षात ठेवा, कुठलंही तेल टाकलं तरी टॉर्सनचा स्वभाव बदलत नाही, एक चाक पूर्ण बर्फावर किंवा हवेत असेल तर शून्याची कितीही पट शून्यच, गाडी जागेवर. अशा वेळी ब्रेक हलकासा दाबून धरून ॲक्सिलरेटर द्यायचा, घसरणाऱ्या चाकाला थोडा विरोध मिळाला की दुसरं ओढायला लागतं. बर्फात याचा खूप उपयोग होतो.

खरेदी करताना एक गंमत आहे जी कुणी आधी सांगत नाही. या बॉक्सला लागतं २ लिटर, डिफला १ लिटर. इथल्या बाटल्या क्वार्टच्या, म्हणजे ०.९४६ लिटर. दोन क्वार्ट टाकलं की १.८९ लिटर, शंभर मिलीच्या वर कमी पडतं, आणि डिफला एका बाटलीत पन्नासेक मिली कमी. म्हणजे तीन बाटल्या एमटी-९० आणि दोन बाटल्या एनएस आणायच्याच. गाडी स्टँडवर, प्लग उघडे, हात तेलाने माखलेले, आणि तेल कमी पडलं, असं होऊ देऊ नका. एमटी-९० ची तिसरी बाटली वाया जात नाही, कारण लिव्हरच्या खाली जो टरेट असतो त्याचं तेल वेगळं असतं, बॉक्सचं तेल तिथे पोचत नाही. कन्सोल काढून, लिव्हरचे बोल्ट सोडून, लिव्हर वर उचलला की खाली एक छोटी विहीर दिसते. माझ्यात ती जवळजवळ कोरडी होती, तळाला काळा चिखल. चिंधीने पुसून थोडं एमटी-९० ओतलं आणि खालचं रबरी बूट फाटलेलं होतं ते नवीन बसवलं. खरं सांगायचं तर लिव्हरमधला कोरडा खरखरीतपणा गेला त्याचं श्रेय या टरेटला पण आहे, सगळं बाटलीला देणार नाही.

काम करताना गाडी थोडी फिरवून आणायची, तेल गरम असलं की पूर्ण उतरतं. गाडी चारही बाजूंनी सपाट उचललेली पाहिजे, नाहीतर लेव्हल चुकते. आणि भरायचा प्लग आधी उघडायचा, मगच जुनं तेल सोडायचं. भरायचा प्लग जाम असला आणि तुम्ही आधी तेल सोडून बसलात तर गाडी हलवता पण येत नाही. माझ्या बॉक्समधून निघालेलं तेल राखाडी, भांडं उन्हात हलवलं तर त्यात सोनेरी झाक तरळत होती, ती पितळेची. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट होती, ती असतेच, बोटांत चोळून पाहिली, कण लागले नाहीत म्हणजे ठीक. टोचणारे तुकडे असते तर तेलाचा विचार सोडून बॉक्स उघडायची वेळ आली असती. भरायला बाटली खाली मावत नाही, तर इंजिनच्या बाजूने एक लांब पारदर्शक नळी भरायच्या भोकापर्यंत सोडली आणि वरून नरसाळ्याने ओतलं, थंड तेल असेल तर कंटाळा येतो, म्हणून बाटल्या आधी घरात गरम पाण्यात ठेवल्या होत्या. डिफला मात्र हातपंपच लागतो. भोकातून तेल बाहेर थेंब थेंब यायला लागलं की लेव्हल झाली.

हे सगळं नाशिकच्या माझ्या मावसभावाला फोनवर सांगत होतो. त्याच्याकडे थार आहे, एलएक्स, मागे ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग डिफ असलेली. तो म्हणाला, "दादा, मग मी पण हेच मागवू का तिकडून?" म्हटलं, नको रे. तुझ्यातलं डिफ वेगळ्याच जातीचं. एका चाकाचा वेग दुसऱ्यापेक्षा बराच वाढला की आतली फिरती वजनं बाहेर फेकली जातात आणि ॲक्सल थेट लॉक होतो, त्यात प्लेटा पण आहेत, त्याला कंपनीने मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच टाक, सर्व्हिस बुक काढ आणि ग्रेड बघ. "मेस्त्री तर म्हणतो नव्वद नंबर टाकू सगळीकडे," तो म्हणाला. हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि मला ते खरंच खटकतं. नव्वद नंबर म्हणजे फक्त जाडी झाली, त्यात जीएल-४ आहे का जीएल-५, मॉडिफायर आहे का नाही, काहीच कळत नाही. मेस्त्रीला बाटली दाखवायला सांगायची, सुटं तेल घ्यायचंच नाही, मागचं लेबल वाचायचं. भारतात मोटुलचं गिअर ३०० मिळतं, त्याच्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेलं असतं, आणि त्यांचंच गिअर ३०० एलएस वेगळं आहे, ते लिमिटेड स्लिपसाठी. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, नावात दोन अक्षरांचा फरक, पण गिअरबॉक्ससाठी पहिलं आणि प्लेटवाल्या डिफसाठी दुसरं. हा फरक दुकानदार स्वतःहून सांगेल याची वाट बघू नका.

किंमत हा एकच मुद्दा राहतो. पाच बाटल्यांचा खर्च दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडच्या तेलापेक्षा कितीतरी जास्त होतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ही दोन्ही तेलं शेल्फवर नसतात, ऑनलाइन मागवून वाट बघावी लागते. डिफपुरतं विचाराल तर पैसे वाचवायचे असतील तिथे वाचवा, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं जीएल-५ ७५डब्ल्यू-९० टॉर्सनला पुरतं. पण गिअरबॉक्सच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही. सिंक्रो बदलायचे म्हणजे बॉक्स खाली उतरवून पूर्ण खोलायचा, त्या मजुरीपुढे तीन बाटल्यांची किंमत काहीच नाही.

सहा गिअरवाल्यांसाठी एवढंच की तुमचा बॉक्स वेगळा आहे, तेल पण कमी लागतं, तेव्हा वरचे दोन लिटर तुमच्यासाठी धरू नका, आपल्या मॅन्युअलमधला आकडा बघूनच बाटल्या मोजा. आणि जुनं तेल इंजिन ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ऑटो पार्टच्या दुकानात नेऊन द्या, इथे बरीच दुकानं फुकट घेतात, फक्त त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळलेलं नसावं.